फिरत्या गाडीतली रोमन मोझेक काच : कृतीचा ट्रे झकास, उजेड चुकलेला

तालुक्याच्या गावी, शाळांच्या पटांगणात उभ्या राहणाऱ्या या प्रदर्शन-गाडीत प्राचीन रोमन मोझेक काचेच्या, म्हणजे रंगीत काचेच्या चकत्या भट्टीत एकजीव करून घडवलेल्या भांड्यांच्या, प्रतिकृती आहेत. मूळ वस्तू एकही नाही. तसं दारातच ठळक लिहिलंय, हे बरं केलं.

सगळ्यात सरस आहे कृतीचा ट्रे. रंगीत काचेच्या कांड्यांची जुडी, ती तापवून ओढलेली लांब सळी, सळीच्या चकत्या, भट्टीत एकजीव झालेली तबकडी आणि साच्यावर वाकवून घडवलेला वाडगा, असे टप्पे ओळीने मांडलेत. इथे पोरांना हात लावू देतात. जुडी ओढली की जाडी घटते, नक्षी मात्र तीच राहून बारीक होते. सळीचं टोक भिंगातून पाहिलं की पाटी न वाचताही हे कळतं. निळा रंग कोबाल्टचा, अपारदर्शक पांढरा अँटिमनीचा. एक तडकलेली तबकडीही मुद्दाम ठेवलीय. दोन रंगांच्या काचा थंड होताना सारख्या आकसल्या नाहीत तर तिथेच ताण येतो अन् काच तडकते. फसलेला नमुना मांडल्याबद्दल खास दाद.

वाडग्यांचं कपाट मात्र निराश करतं. दिवा वरून, मागे काळं कापड. मोझेक काचेची नक्षी वरवर रंगवलेली नसते, ती काचेच्या जाडीतून आरपार गेलेली असते. उजेड मागून आलाच पाहिजे. इथे काठाची पीळदार कड तेवढी चमकते आणि निळा-जांभळा भाग काळाठिक्कर दिसतो. मागे दुधी ॲक्रिलिकची पाटी, तिच्यामागे एलईडीची पट्टी, एवढ्यात काम भागतं. नुसता मागचा उजेडही पुरत नाही; पांढरा-पिवळा रंग मळकट पडतो, म्हणून समोरून एक मंद दिवा हवा.

दुसरी अडचण आपल्या उन्हाळ्याची. तुकडे कसे सांधतात ते दाखवायला एक फुटका वाडगा पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक गोंदाने जोडलाय. निवड योग्य आहे, कारण हा सांधा ॲसिटोनने परत सोडवता येतो. पण ४० अंशांच्या आसपास तो मऊ पडू लागतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या बंद गाडीत, वर हॅलोजनचा दिवा! सांधा खाली सरकलाय, काठ जुळत नाही. तुकड्यांना खालून ॲक्रिलिकचा आधार दिला असता तर सांध्यावर वजनच आलं नसतं.

एक पाटी तर बदलायलाच हवी. जुन्या काचेवरची इंद्रधनुषी झाक ही कारागिराची करामत, असं तिथे लिहिलंय. ती झाक जमिनीत पुरल्या गेल्यामुळे येते: ओलाव्याने काचेतले क्षार निघून जातात, पातळ पापुद्रे सुटतात आणि त्यांच्यावर उजेड फाकतो. ते पापुद्रे पुसले तर निघूनही येतात.

भारताचा उल्लेखच नाही, हेही खटकतं. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी व्यापार-पुस्तकात भडोचला येणाऱ्या मालात कच्ची काच नोंदवलेली आहे, पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला रोमन काचेच्या भांड्यांचे तुकडे मिळालेत. एका नकाशात हे मावलं असतं.

तरीही ही गाडी तुमच्या शाळेत बोलवाच. डिसेंबर-जानेवारीत बोलवा, लोडशेडिंगची वेळ टाळा किंवा इन्व्हर्टर आहे का ते आधी विचारा. आत एका वेळी दहा-बाराच पोरं सोडा, अन् ट्रेपाशी त्यांना घाई करू नका.