पहिला लेथ आणि त्याची हत्यारं: काय आधी घ्यावं, काय मागाहून

लाकूड कातायचा लेथ घेताना बहुतेक जण हातातली सगळी रक्कम यंत्रावर घालतात आणि हत्यारांचं नंतर बघू म्हणतात. मीही तेच केलं. लेथसोबत आठ हत्यारांचा एक स्वस्त संच घेतला, धार लावायला मात्र काहीच नव्हतं. पहिल्या दिवशी लांब, कुरळ्या ढलप्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी भुसा पडायला लागला. आठवडा संपेपर्यंत हत्यार दाबून धरल्याशिवाय लाकडाला लागेना, आणि दाबून धरलं की ते लाकडात अडकून हिसका बसायचा. मला वाटायचं, अजून हात बसलेला नाही. बऱ्याच दिवसांनी एका मुरलेल्या टर्नरने, म्हणजे लेथवर लाकूड कातणाऱ्याने, माझंच हत्यार दोन मिनिटं ग्राइंडरवर (धार लावायच्या फिरत्या चाकावर) धरून परत दिलं. त्याच हातांनी, त्याच लाकडातून पुन्हा ढलप्या सुटायला लागल्या.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी एकच सांगतो: हत्यारं थोडी घ्या, पण धारेची सोय लेथ घरात येईल त्याच दिवशी असू द्या. खालची तुलनाही त्याच नजरेने केली आहे.

तुम्ही काय कातणार?

लेथवरचं काम दोन जातींचं असतं. खुर्चीचा पाय, हत्याराची मूठ, पेन, बुद्धिबळाची सोंगटी यांत लाकडाचे रेषे लेथच्या अक्षाला समांतर असतात. वाडग्यात किंवा तबकात ते आडवे असतात, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात दोनदा रेषे सरळ समोर येतात आणि दोनदा त्यांची तोंडं समोर येतात. दोन्ही कामांची हत्यारं इथेच वेगळी होतात.

समांतर रेष्यांच्या कामाला 20 ते 32 मिलिमीटरचा रफिंग गाउज (ठोकळा गोल करायची रुंद, पन्हळीची पटाशी), 10 मिलिमीटरचा स्पिंडल गाउज (घाट आणि खाचा कातायची छोटी पन्हळीची पटाशी), 3 मिलिमीटरचं पार्टिंग टूल (तुकडा कापून वेगळा करायला) आणि साधारण 20 मिलिमीटरचा स्क्यू (तिरप्या धारेची सपाट पटाशी), एवढ्या चार हत्यारांवर वर्षभर काम निघतं. वाडग्यांना एक बोल गाउज (वाडगा कोरायचा गाउज) आणि एक जाड, गोल तोंडाचा स्क्रेपर (खरवडायचं हत्यार) लागतो. पार्टिंग टूल दोन्हीकडे चालतं.

एक गोष्ट मात्र जिवाशी आहे. रफिंग गाउज मोठा आणि दणकट दिसतो, म्हणून नवशिका तो वाडग्याला लावतो. हा गाउज सहसा पट्टीतून घडवलेला असतो आणि मुठीत जाणारी त्याची शेपटी बारीक असते. आडव्या रेष्यांत हिसका बसला की तो नेमका त्या शेपटीशी मोडतो आणि पातं उडतं. बोल गाउज जाड गोल सळईत पन्हळ कोरून केलेला असतो, त्याला असा कमजोर गळा नसतो. दिसायला दोघं भाऊ वाटले तरी एकाचं काम दुसऱ्याला देऊ नका.

बोल गाउज मागवताना मापाचा एक घोळ ध्यानात ठेवा. ब्रिटिश पद्धतीत पन्हळीची रुंदी सांगतात, अमेरिकी पद्धतीत सळईचा व्यास. त्यामुळे एकाचा 3/8 इंची गाउज म्हणजेच दुसऱ्याचा 1/2 इंची. पहिल्या लेथला सळईचा व्यास 12 मिलिमीटरच्या आसपास असलेला पुरतो.

हाय स्पीड स्टील की कार्बाइड?

सगळ्यात जास्त खल याच प्रश्नावर होतो, आणि तो रास्त आहे, कारण या दोन प्रकारची हत्यारं घेऊन माणूस दोन वेगळे हात शिकतो.

तिसरा पर्याय आधी बाजूला करू. जुन्या किंवा अगदी स्वस्त संचांत साधं कार्बन स्टील असतं. त्याची धार सुरेख लागते, पण ग्राइंडरवर टोक निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं म्हणून समजा. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही. नवशिक्याच्या हातून टोक निळं पडणारच, म्हणून पहिल्या वर्षात कार्बन स्टील नको. हाय स्पीड स्टीलचा मोठा गुण हाच की ते लाल होईपर्यंत तापलं तरी कडकपणा सोडत नाही. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट या अमेरिकी जोडीच्या पोलादाची हत्यारं टोक लालभडक होऊनही लोखंड कापत होती, आणि बघणाऱ्यांचा डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. आज कातकामाच्या बहुतेक हत्यारांवर एम2 हा दर्जा लिहिलेला असतो, नवशिक्याला तो भरपूर झाला. मात्र तापलेलं हाय स्पीड स्टील पाण्यात बुडवू नका. एकदम थंड झालं की धारेला बारीक तडे जातात.

कार्बाइडच्या हत्यारात चौकोनी दांड्याच्या टोकाला स्क्रूने बसवलेली छोटी टिकली असते: चौकोनी, गोल किंवा हिऱ्याच्या आकाराची. धार गेली की स्क्रू ढिला करून टिकली फिरवायची. चारही कडा संपल्या की नवी लावायची. ग्राइंडर लागत नाही, जिग (धार लावताना हत्यार ठरावीक कोनात धरणारी पकड) लागत नाही, कोन लक्षात ठेवावे लागत नाहीत. टूल रेस्टवर (लाकडासमोर हत्यार टेकवायच्या पट्टीवर) दांडा आडवा, जमिनीला समांतर धरायचा आणि आत सरकवायचा. पहिल्याच संध्याकाळी काहीतरी गोल आणि देखणं हातात येतं. हा आनंद छोटा नाही. कित्येक लोक याच आनंदामुळे लेथवर टिकतात.

मग अडचण कुठे येते? टिकली सहसा लाकूड खरवडते, सोलत नाही. गाउज किंवा स्क्यू धारेमागचा उतार लाकडावर टेकवून चालतो. तो उतारच धारेला आधार देतो आणि ती किती खोल जाईल हे ठरवतो. अशा कापाने पृष्ठभाग इतका गुळगुळीत येतो की सँडपेपरची सुरुवात 180 किंवा 240 नंबरपासून करता येते. टिकलीने मऊ लाकडाचे रेषे उपटले जातात, विशेषतः जिथे त्यांची तोंडं समोर येतात, आणि मग खरखरीत 80 पासून घासत बसावं लागतं. कठीण, घट्ट रेष्यांच्या लाकडात आणि पेनच्या अॅक्रिलिक कांड्यांत हा फरक फारसा जाणवत नाही.

माझा कौल असा. आठवड्यातून दोन तास मिळणार असतील, पेन आणि छोट्या डब्या करायच्या असतील, ग्राइंडर ठेवायला जागाच नसेल, तर कार्बाइडची दोन हत्यारं घ्या, एक चौकोनी आणि एक गोल, आणि कुणी नाक मुरडलं तरी मनावर घेऊ नका. लाकूड कापायची कला शिकायची ओढ असेल तर सुरुवात हाय स्पीड स्टीलनेच करा. कार्बाइडवरून स्टीलकडे येणाऱ्यांना मी पाहिलं आहे. त्यांना उतार टेकवायची सवय नव्याने लावावी लागते, आणि आडव्या धरलेल्या हाताची सवय सहज सुटत नाही. दोन्हींचा मेळ घालायचा तर स्टीलची चार हत्यारं आणि पेटी-डबीचं पोट कोरायला कार्बाइडची एक गोल टिकली, ही जोडी मला फार पटते.

धारेची सोय

स्टील निवडलंत तर लेथइतकंच महत्त्वाचं यंत्र म्हणजे ग्राइंडर. 8 इंची चाकाचा घ्या. 6 इंची चाक झिजत लहान होतं तसा धारेमागचा उतार जास्तच खोलगट व्हायला लागतो. साधा ग्राइंडर मिनिटाला 2,800 ते 3,500 फेरे घेतो, मंद ग्राइंडर त्याच्या निम्मे. हाय स्पीड स्टीलला दोन्ही चालतात, पण शिकणाऱ्याला मंद बरा: चूक झाली तरी कमी पोलाद जातं. आधीपासून वेगवान ग्राइंडर असेल तर नवा घेऊ नका, फक्त त्यावरचं करडं चाक काढून 80 ग्रिटचं (दाण्याचा नंबर) पांढरं अॅल्युमिनियम ऑक्साइडचं चाक बसवा.

पांढरं चाक आणि सीबीएन चाक यांत निवड करताना खर्च आणि कटकट यांचा हिशेब मांडावा लागतो. पांढरं चाक स्वस्त, पण ते झिजतं, भरतं, ड्रेसरने (चाक साफ करायच्या हत्याराने) सोलावं लागतं, आणि दर वेळी व्यास कमी झाल्यामुळे जिगचं माप थोडं सरकतं. सीबीएन चाक धातूचं असतं, वर क्यूबिक बोरॉन नायट्राइडचा थर. त्याचा व्यास वर्षानुवर्षं तोच राहतो, फुटायची भीती नाही. त्यावर फक्त कडक केलेलं पोलाद घासायचं, मऊ लोखंड लावलं तर चाक भरून जातं. पहिल्या दिवशी पांढरं चाक पुरेसं आहे. सीबीएन ही पहिली मोठी सुधारणा म्हणून मनात ठेवा.

जिग घ्यावी की हाताने धार लावावी? जिग घ्या. स्क्रेपर आणि रफिंग गाउज नुसत्या टेकूवर जमतात. गाउजचं नखासारखं तोंड मात्र नवशिक्याच्या हाताला दर वेळी वेगळं येतं, आणि तोंड बदललं की कापायची सवयही बदलावी लागते. कोनांचं फार स्तोम माजवू नका: रफिंग गाउज 45 अंश, स्पिंडल गाउज 35 ते 40, बोल गाउज 50 ते 55, स्क्रेपर 70 ते 80. कोन दोन अंश चुकला तर चालतो, रोज बदलला तर चालत नाही.

संच की सुटी हत्यारं?

सहा-आठ हत्यारांच्या संचात तीन खरी उपयोगाची असतात, दोन एकमेकांची नक्कल आणि उरलेली गंज खातात. मुठी बऱ्याचदा आखूड, पाती बारीक. तरीही स्वस्त स्टीलच्या संचाचा एक उपयोग मी मान्य करतो: धार लावायचा सराव त्यावर करावा. शिकताना बोटभर पोलाद ग्राइंडरवर उडतं, ते चांगल्या बोल गाउजचं उडू नये. संच घ्यायचाच तर सरावासाठी घ्या, आणि रोजच्या कामाला एक-दोन चांगली सुटी हत्यारं हळूहळू जोडा.

लाकूड धरायचं कशात

लेथसोबत बहुतेक वेळा एक फेसप्लेट (लाकूड स्क्रूने बसवायची चकती) आणि दोन सेंटर (लाकूड दोन टोकांना धरणाऱ्या टोकण्या) येतात. चार दात्यांच्या सेंटरपेक्षा गोल कडा आणि मध्ये स्प्रिंगची टोकणी असलेलं सेंटर शिकणाऱ्याला जास्त सुरक्षित वाटतं. हिसका बसला तर लाकूड घसरून थांबतं, हत्यार हातातून ओढलं जात नाही. टेलस्टॉकला, म्हणजे लाकडाच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाला, फिरतं सेंटर हवंच. न फिरणाऱ्या सेंटरखाली लाकूड जळतं.

फेसप्लेट की चार जबड्यांचा स्क्रोल चक (चारही जबडे एकदम सरकवून लाकूड आवळणारी पकड)? मोठ्या, ओल्या, वेड्यावाकड्या ठोकळ्याला फेसप्लेटइतकी घट्ट पकड दुसरी नाही. फक्त स्क्रू जाड, लाकडाचेच वापरा. ड्रायवॉलचे काळे स्क्रू ठिसूळ असतात, झटक्यात तुटतात. पण वाडगा उलटवून आतून कोरायचा, डबीचं झाकण बसवायचं, एकच तुकडा काढून पुन्हा लावायचा, या सगळ्याला चक लागतो. माझ्या मते धारेनंतरची दुसरी मोठी खरेदी चकचीच असावी.

तो घेताना तीन गोष्टी तपासा. पहिली, स्पिंडलचा, म्हणजे ज्यावर चक चढतो त्या फिरत्या दांड्याचा, आटा. छोट्या लेथवर 1 इंच × 8 (व्यास आणि दर इंचाला आटे) किंवा 3/4 इंच × 16, मोठ्यांवर एम33 × 3.5 (मिलिमीटरमध्ये व्यास आणि दोन आट्यांतलं अंतर) किंवा 1-1/4 इंच × 8, असे अनेक प्रकार चालतात. आटा थेट चकात कापलेला असेल तर पकड सरळ येते. बदलता अडॅप्टर असेल तर लेथ बदलला तरी चक राहतो. पहिल्या लेथनंतर दुसरा येण्याची शक्यता दांडगी, म्हणून मी अडॅप्टरवाल्याच्या बाजूने. दुसरी, वजन. छोट्या लेथवर जड चक चढवला की बेअरिंगवर उगाच भार येतो. तिसरी, जबडे. ते जवळजवळ मिटलेले असतात तेव्हाच त्यांचं वर्तुळ खरं गोल होतं. 50 मिलिमीटरच्या जबड्यांसाठी लाकडाचा खुंट (जबड्यांत धरायला कातलेला गोल भाग) त्याहून किंचितच मोठा ठेवा, खुंटाचा तळ चकाला टेकू देऊ नका, आणि लाकडाचा खांदा जबड्यांच्या तोंडावर पक्का बसवा. खुंट वाडग्याच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश असावा. माझ्याकडून एकदा तळ टेकला होता. वाडगा कोरता कोरता निसटला आणि माझ्या डोक्यावरून भिंतीवर गेला.

सेंटर आणि ड्रिल चक (ड्रिलचं पातं धरणारी पकड) घेताना मोर्स टेपर, म्हणजे लेथमध्ये बसणाऱ्या निमुळत्या शेपटीचं माप, बघा. छोट्या लेथला एमटी1, बाकीच्यांना बहुधा एमटी2. रुंद टोक पहिल्याचं साधारण 12, दुसऱ्याचं 18 मिलिमीटर.

चेहरा आणि श्वास

चष्मा की फेस शील्ड, यात मला दुसरं मत मान्य नाही. युरोपात वर्षानुवर्षं वापरलेल्या ईएन 166 या मानकात सुरक्षा चष्म्याची वरची पातळी म्हणजे सेकंदाला 45 मीटर वेगाने आलेली छोटी पोलादी गोळी. गॉगलला हीच मर्यादा 120, फेस शील्डला 190. शिवाय चष्मा जबडा झाकत नाही. आतून चष्मा, वरून शील्ड.

मास्क लेथच्याच दिवशी घ्या. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिला पहिल्या गटात टाकून स्पष्ट केलं आहे. धूळ ओढणारा पंखा असला तरी घासताना मास्क हवाच. हातमोजे मात्र नकोत, फिरतं लाकूड ते बोटांसकट ओढून घेतं. सैल बाही आणि अंगठीही नको.

वेगासाठी एक आडाखा: इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे 6,000 ते 9,000 च्या दरम्यान. 10 इंची वाडग्याला 600 ते 900. ठोकळा ओबडधोबड असेल तर त्याहूनही खाली. बटण दाबण्याआधी लाकूड हाताने एक फेरा फिरवून बघा आणि चालू करताना त्याच्या रेषेतून बाजूला उभे राहा.

राहिलेलं

बाहेरच्या मापाचा कॅलिपर पहिल्या महिन्यातच लागतो. ड्रिल चक डब्या आणि पेन करायचे असतील तरच. वर्म स्क्रू (चकात धरून त्यावर ठोकळा चढवायचा जाड स्क्रू) बऱ्याच चकांसोबत येतो, वेगळा घेऊ नका. सँडपेपर 120 पासून 400 पर्यंत ठेवा, कापडी पाठीचा, आणि घासायच्या आधी टूल रेस्ट काढून बाजूला ठेवा, नाहीतर बोटं मध्ये सापडतात. लांब मुठीची, महागडी, खोल कोरायची हत्यारं अजून बघूही नका. पहिले दहा वाडगे उथळच करायचे आहेत.