आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) वर लग्नांचं एडिटिंग: अकरा महिन्यांनंतर

नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळी आटोपल्यावर, नागपूरच्या सीताबर्डीतून सुटे भाग आणले आणि कॉम्प्युटर घरीच जोडला. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात. आजूबाजूच्या गावांतली लग्नं आर्णी-दिग्रसचे चार फोटोग्राफर शूट करतात आणि त्यातलं बरंचसं एडिटिंग माझ्याकडे येतं. तुळशीच्या लग्नानंतरचा एक हंगाम आणि उन्हाळ्याचा एक, असे दोन हंगाम या मशीनवर पूर्ण काढले. आरटीएक्स ३०६० हे एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्र आणि व्हिडिओचं काम करणारा सुटा भाग. ते घेताना मला विचारायला जवळपास कोणी नव्हतं. आता तीच विचारणा माझ्याकडे होते, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

ग्राफिक्स कार्डाची चर्चा ऐकली तर ती बहुतेक गेमच्या हिशेबानं चालते. कोणता गेम किती फ्रेमवर पळतो, यावरून कार्डाचा नंबर ठरतो. एडिटिंगला तो नंबर फार कमी सांगतो. माझ्यापुढे शेवटी दोनच कार्डं उरली होती, ३०६० आणि ४०६०. ४०६० हे २०२३ चं, नवं, वीज कमी खाणारं (११५ वॅट, ३०६० ला १७० लागतात), आणि एव्ही-वन (व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत) एक्सपोर्ट करणारं. पण त्यात मेमरी ८ जीबी. ३०६० फेब्रुवारी २०२१ चं, तरी १२ जीबी. मी जुनं घेतलं आणि त्याचा मला एकदाही पस्तावा झाला नाही.

कारण सांगतो. मी दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची पैसे भरून मिळणारी स्टुडिओ आवृत्ती वापरतो, कारण नॉईज रिडक्शन (अंधारातल्या चित्रातले दाणे काढणं) फुकटच्या आवृत्तीत नाही आणि आमच्याकडच्या लग्नांना ते लागतंच. रात्रीची वरात, मांडवात एका कोपऱ्यातला हॅलोजन, बाकी अंधार. नवरीच्या चेहऱ्यावर दाणे दिसतात. फोर-के टाइमलाइनवर दोन-तीन नोड (टप्पे) रंगाचे आणि वर नॉईज रिडक्शन लावलं की माझ्या कार्डाची मेमरी नऊ-दहा जीबीपर्यंत भरलेली दिसते. दिग्रसच्या एका मित्राकडे ८ जीबीचं कार्ड आहे, माझ्यापेक्षा वेगवान. त्याला अशाच ठिकाणी 'जीपीयू मेमरी फुल' असा संदेश येतो आणि रेंडर मध्येच थांबतं. मग तो टाइमलाइन फुल एचडीवर आणतो आणि काम उरकतो. वेगवान कार्ड थांबण्यापेक्षा माझं थोडं सावकाश चालणारं कार्ड शेवटपर्यंत पोचतं, आणि लग्नाच्या कामात पोचणं महत्त्वाचं.

इथे एक सावधगिरी. ३०६० चाच ८ जीबीचाही एक प्रकार २०२२ च्या शेवटी आला. त्यात मेमरीची वाटही अरुंद आहे, १९२ ऐवजी १२८ बिट. खोक्यावर ३०६० एवढंच ठळक दिसतं. १२ जीबी हे शब्द वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. वापरलेलं कार्ड स्वस्तात मिळत असेल तर तेही विचारपूर्वक घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं राबवून ते चलन कमावणं) बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डं बाजारात आली. मी त्या वाटेला गेलो नाही, कारण बिघडलं तर दुरुस्तीला नागपूर गाठावं लागतं आणि त्यात एक दिवस जातो.

आता ज्या गोष्टीनं मला सर्वांत जास्त त्रास दिला, ती. पहिल्याच डिसेंबरात एका फोटोग्राफरनं नव्या कॅमेऱ्यातल्या फाइली आणल्या, एच.२६५ (हीही व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत), १० बिट, ४:२:२. टाइमलाइनवर टाकल्या आणि प्लेबॅक अडखळायला लागला. तो बाजूला बसला होता. म्हणाला, "काऊन भाऊ, नवं मशीन हाय न? मंग अटकून अटकून काऊन चालू रायलं?" मला उत्तर देता आलं नाही. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि कार्डाचा व्हिडिओ डीकोडचा आलेख सपाट.

झालं असं होतं की व्हिडिओची फाइल उलगडून दाखवण्यासाठी कार्डात वेगळा भाग असतो, आणि ३०६० मधला तो भाग ४:२:२ च्या फाइलींना हात लावत नाही. हे आकडे रंग किती बारकाईनं साठवला ते सांगतात. ४:२:० मध्ये रंगाचा बारकावा उजेडाच्या बारकाव्याच्या पाव असतो, ४:२:२ मध्ये निम्मा. रंग सुधारायला ४:२:२ चांगलंच, पण ३० आणि ४० मालिकेतलं एनव्हिडियाचं कोणतंही कार्ड ते उलगडत नाही. कार्ड कितीही महाग घ्या. ही सोय २०२५ च्या ५० मालिकेत आली. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये मात्र जे आतलं ग्राफिक्स असतं, ते अकराव्या पिढीपासून एच.२६५ चं ४:२:२ सहज उलगडतं. आणि माझा प्रोसेसर होता आय-फाइव्ह १२४००एफ. त्यातल्या 'एफ'चा अर्थच हा की आतलं ग्राफिक्स बंद. दुकानात मला सांगितलं होतं, "कार्ड घेऊनच रायले न, मंग आतलं ग्राफिक्स कायले पायजे?" थोडे पैसेही वाचत होते. गेम खेळणाऱ्याला तो सल्ला ठीक आहे. एडिटिंग करणाऱ्याला तो चुकीचा आहे, आणि दुकानात उभं राहून हे कळायला कोणतीच वाट नव्हती याची मला अजून खंत वाटते.

जानेवारीत तो प्रोसेसर घाट्यात विकून साधा १२४०० घेतला. बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) आतलं ग्राफिक्स मुद्दाम चालू ठेवावं लागतं, कारण कार्ड दिसलं की बोर्ड ते आपोआप बंद करतो. मॉनिटरची केबल कार्डालाच राहू द्यायची. मग रिझॉल्व्हच्या प्रेफरन्समध्ये डीकोडसाठी इंटेल क्विक सिंकवर (आतल्या ग्राफिक्सच्या व्हिडिओ उलगडण्याच्या सोयीवर) खूण केली. त्याच फाइली, तीच टाइमलाइन, आणि प्लेबॅक पाण्यासारखा. त्या रात्री मी त्या लग्नाची पूर्ण हळद एका बैठकीत कापली.

एक फट तरी उरली. काही कॅमेरे ४:२:२ हे एच.२६४ मध्ये देतात. ते ना माझं कार्ड उलगडतं ना माझा प्रोसेसर. अशा फाइलींच्या प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या नकला, रात्री बनायला लावून ठेवतो. फोटोग्राफरांना आता शूटच्या आधीच सांगतो की एच.२६५ वर ठेवा, आणि चौघांपैकी तिघांनी ते ऐकलं.

एडियस या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांसाठी दोन ओळी. आमच्या भागात लग्नांचं जुनं काम बहुतेक एडियसवरच होतं. त्याचा भर प्रोसेसर आणि क्विक सिंकवर आहे, महागड्या कार्डानं त्यात फार फरक पडत नाही. तुम्ही एडियस सोडणार नसाल तर पैसे प्रोसेसर आणि एनव्हीएमईत (वेगवान डिस्कमध्ये) घाला, कार्ड लहान चालेल.

एक्सपोर्टबद्दल तक्रार नाही. दीड तासाची फुल एचडी फिल्म वीसेक मिनिटांत निघते. आधीच्या मशीनला तिच्यासाठी रात्र लागायची, आणि मध्ये लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. एव्ही-वनची उणीव जाणवली नाही. लोकांना पेनड्राइव्ह घरच्या टीव्हीला लावायचा असतो, आणि तिथे एच.२६४ बिनधोक चालतं.

आता ऊन आणि वीज, कारण खेड्यात कार्डाचा निम्मा प्रश्न हाच आहे. लग्नाचा जोर एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पारा ४४-४५ वर असताना. टिनाखालच्या खोलीत दुपारी रेंडर लावलं की कार्ड ८३ अंशांवर जाऊन स्वतःच वेग कमी करायचं. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डानं किती वीज घ्यायची ती मर्यादा) ७५ टक्के केलं. तापमान सात-आठ अंशांनी उतरलं, आणि वीस मिनिटांचं काम बावीस मिनिटांत व्हायला लागलं. दोन मिनिटं देऊन एवढी शांतता मिळत असेल तर ती घ्यावी. जून संपेपर्यंत मी ते तसंच ठेवलं. कूलरचा झोत मात्र कॅबिनेटवर सरळ सोडू नका. टाटीचं पाणी उडतं आणि आमच्याकडचं पाणी क्षाराचं. कूलर खिडकीत, कॅबिनेट समोरच्या भिंतीला आणि खोलीचं दार उघडं, हे मला जमलं.

रब्बीत हरभऱ्याला पाणी सुरू झालं की गावात व्होल्टेज १८० च्या खाली येतं. सुरुवातीला घरच्या जुन्या इन्व्हर्टरवर मशीन ठेवलं होतं, तर लाइट जाताच बंद पडायचं. त्याची लहर चौकोनी होती आणि चांगल्या पॉवर सप्लायला ती पचत नाही. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस घेतल्यावर ते थांबलं. पॉवर सप्लाय ६५० वॅटचा आहे, या कार्डाला ५५० चा पुरतो. आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. अंगणात खड्डा करून कोळसा-मीठ घालून नवी अर्थिंग घेतली. उन्हाळ्यात तिथे रोज बादलीभर पाणी ओततो, कारण माती सुकली की मुंग्या परत येतात.

कापसाचं मला आधी सुचलंच नव्हतं. भाव वाढेल म्हणून आम्ही कापूस घरातच ठेवतो, आणि मागच्या वर्षी तो माझ्या शेजारच्या खोलीत छतापर्यंत होता. फेब्रुवारीत कार्डाच्या पंख्यांचा आवाज बदलला. उघडून पाहिलं तर पंख्यामागच्या पट्ट्यांमध्ये तंतूंचा पातळ नमदा बसला होता. धूळ फुंकून जाते, कापूस जात नाही. तो चिमट्यानं उचलावा लागतो आणि मग मऊ ब्रश. पंखे बोटानं धरून ठेवा, ब्लोअरच्या हवेनं ते उलटे गरगर फिरू देऊ नका.

आज कोणी नव्यानं घेत असेल आणि त्याच्या कॅमेऱ्याच्या फाइली ४:२:२ च्या असतील, तर ५०६० टीआयचा १६ जीबीचा प्रकार मी पहिल्यांदा बघायला सांगेन. तो एच.२६४ आणि एच.२६५, दोन्ही प्रकारचं ४:२:२ उलगडतो. पैसे तेवढे नसतील तर ३०६० १२ जीबी आणि 'एफ' नसलेला इंटेल प्रोसेसर. मी स्वतः इतक्यात बदलणार नाही.

सीतादही (कापूस वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन आमची वेचणी आता सुरू होईल. यंदा मायला सांगून कापूस मागच्या खोलीत टाकायचं ठरवलंय, आणि कॅबिनेटच्या पुढच्या पंख्यांना मच्छरदाणीची जाळी दुहेरी करून शिवून घेतली आहे. दर रविवारी ती काढून धुतो.