महामार्गाचा आराखडा समोर असताना: वन्यजीव, झाडं आणि वारसा यांच्यासाठी कोणता पर्याय निवडावा?

रानातून किंवा जुन्या अवशेषांच्या परिसरातून जाणाऱ्या महामार्गाचा आराखडा तपासायची जबाबदारी तुमच्यावर आली, तर पर्याय बहुधा खर्चाच्या क्रमाने मांडलेले मिळतील. तो क्रम बाजूला ठेवा. कुठली चूक नंतर सुधारता येईल आणि कुठली कधीच येणार नाही, या क्रमाने ते पुन्हा लावून बघा. कुंपण पाच वर्षांनीही उंच करता येतं. खणून काढलेली पुरातन जागा पुन्हा तशी होत नाही.

आखणी बदलायची की आहे तिथेच उपाय करायचे?

शक्य असेल तिथे आखणी बदला, असं मी ठामपणे म्हणेन. गिझाच्या पिरॅमिडजवळून जाणारा कैरोचा रिंगरोड १९९५ च्या सुमारास युनेस्कोशी झालेल्या चर्चेनंतर वेगळ्या पद्धतीने नेण्याचं ठरलं. टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर भागातून, म्हणजे विल्डबीस्ट या गवत खाणाऱ्या प्राण्यांच्या कळपांच्या स्थलांतराच्या वाटेवरून, डांबरी महामार्ग न्यायच्या योजनेविरुद्ध पूर्व आफ्रिकी न्यायालयाने २०१४ मध्ये निकाल दिला. भूसंपादनाच्या नोटिसा निघाल्या की हा पर्याय जवळजवळ हातचा जातो, म्हणून पहिला प्रश्न याबद्दलच विचारा.

एक अपवाद आहे. वळसा घालून नेलेला नवा रस्ता आजवर अखंड राहिलेलं जंगल फोडणार असेल, तर जुनाच रस्ता रुंद करून त्यावर चांगले उपाय करणं कमी नुकसानीचं ठरतं.

प्राण्यांसाठी: रस्त्याखालून, रस्त्यावरून, की रस्ताच उचलायचा?

रस्ता खांबांवर उचलणं हा तिन्हींत सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी अडथळा आणणारा पर्याय. ओढे वाहते राहतात, जमीन सलग राहते, प्राण्याला नवीन काही शिकावं लागत नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर अशा नऊ रचना आहेत. त्यांची लांबी ५० ते ७५० मीटर. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत २०१९ मध्ये त्यांखालून जाणाऱ्या १८ वन्य प्रजाती टिपल्या गेल्या, त्यांत वाघही होते.

इतका निधी नसेल तर भुयारी मार्ग की हरित पूल (रस्त्यावरून जाणारा, माती आणि झाडी असलेला प्राण्यांचा पूल), हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर तिथे कोणता प्राणी राहतो यावर ठरतं. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात ट्रान्स-कॅनडा महामार्गावर सहा पूल आणि ३८ भुयारी मार्ग आहेत. तिथे ग्रिझली अस्वलं, लांडगे, एल्क (मोठ्या जातीची हरणं) आणि इतर हरणं मोकळ्या, रुंद वाटा पसंत करताना दिसली. काळी अस्वलं आणि कूगर (मोठी रानमांजरं) मात्र अरुंद, आडोशाच्या वाटांनी जास्त गेले. म्हणजे एकाच प्रकारच्या दहा वाटांपेक्षा दोन्ही प्रकारच्या मिळून सहा वाटा मला अधिक उपयोगी वाटतात. झाडावरच राहणाऱ्या माकडांना किंवा खारींना यातलं काहीच चालत नाही. त्यांच्यासाठी फांद्या वर जुळत्या ठेवाव्या लागतात किंवा दोरांचे पूल बांधावे लागतात.

आराखड्यात एक गोष्ट खास शोधा. पाण्याच्या मोरीलाच ‘वन्यजीव भुयारी मार्ग’ असं नाव दिलेलं असतं. पावसाळ्यात ती तुडुंब भरते आणि चार महिने तिथून कुणी जात नाही. मोरी वापरायचीच असेल, तर पुराच्या पातळीच्या वर, आरपार जाणारा कोरडा कट्टा हवा.

आणि कुंपण. सगळ्यात आधी कात्री लागते ती यालाच, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. कुंपण नसेल तर प्राणी वाट सोडून कुठूनही रस्त्यावर येतो. नुसतं कुंपण घातलं तर जंगलाचे दोन तुकडे होतात. पाच किलोमीटरपेक्षा लहान कुंपणांनी मोठ्या प्राण्यांच्या धडका सरासरी निम्म्याच कमी होतात, त्याहून लांब कुंपणांनी सहसा ८० टक्क्यांवर, असं अभ्यासात दिसलं आहे. पैसे कमी पडत असतील तर दुभाजकाची सजावट आणि वाटांजवळचे दिवे काढून टाका. ते दिवे तर प्राण्यांना पळवूनच लावतात.

प्राण्यांना वाट सवयीची व्हायला वेळ लागतो. बॅन्फमध्ये काही प्रजातींना त्यासाठी वर्षं लागली. पहिल्या वर्षाच्या नोंदींवरून वाट फसली असं ठरवू नका.

झाडं: जागेवर राखायची, हलवायची, की बदल्यात लावायची?

ब्रिटिश मानकाप्रमाणे मुळांचं संरक्षणक्षेत्र, म्हणजे मुळांसाठी मोकळी राखायची जमीन, बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं धरतात. अर्धा मीटर जाड झाडाभोवती सहा मीटर. त्या वर्तुळात यंत्रं उभी राहिली किंवा मुरूम ओतला, तर झाड लगेच पडत नाही. काही वर्षांनी वाळतं, तेव्हा कंत्राटदार निघून गेलेला असतो. म्हणून झाडाभोवतीचा तात्पुरता कठडा काम सुरू व्हायच्या आधी हवा.

पुनर्रोपण ऐकायला छान वाटतं. पण मुळांसकट मातीचा गोळा बुंध्याच्या व्यासाच्या दहा-बारापट रुंद घ्यायचा, तर त्याच अर्धा मीटर जाड झाडाला पाच-सहा मीटरचा गोळा लागेल. तेवढा क्वचितच घेतात, आणि बहुतेक मुळं मागेच राहतात. तरुण झाडं हलवा, जुनी जागेवर राखा. बदल्यात लावलेली रोपं मोजायचीच असतील, तर लावली किती यापेक्षा पाच वर्षांनी जगली किती हे मोजा.

वरची सुपीक माती वेगळी काढून, फार उंच ढीग न करता ठेवली, तर तिथल्याच गवतांचं आणि झुडपांचं बी पुन्हा उतारांवर रुजतं. खर्च नगण्य, तरी बहुतेक आराखड्यांत याची एक ओळही नसते.

वारसा: वळसा, बोगदा, स्थलांतर, की खणून नोंद?

वळसा सर्वांत चांगला. बोगदा निर्दोष असतोच असं नाही. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्रागैतिहासिक शिलावर्तुळाजवळ ए३०३ या महामार्गासाठी सुमारे ३.३ किलोमीटरचा बोगदा ठरला होता. त्याची तोंडं जागतिक वारसा क्षेत्राच्या आतच उघडणार असल्याने युनेस्कोचा आक्षेप राहिला, आणि २०२४ मध्ये खर्चाच्या कारणाने योजनाच रद्द झाली.

दगडी वास्तू उचलून नेता येते, पण वास्तुवारशाच्या जतनाची तत्त्वं मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार तो शेवटचा उपाय. आणि सगळंच उचलता येत नाही. आयर्लंडमध्ये तारा या ऐतिहासिक टेकडीजवळच्या एम३ महामार्गावर २००७ मध्ये लिस्मलिन इथे लोहयुगातलं लाकडी खांबांचं वर्तुळ सापडलं. उरले होते फक्त खांबांचे खड्डे. ते खणून नोंदवले गेले आणि त्यावरून रस्ता गेला. २०१० मध्ये तो खुला झाला. असा शोध आखणी पक्की व्हायच्या आधी लागायला हवा असेल, तर भूभौतिक सर्वेक्षण (न खणता उपकरणांनी जमिनीखालचा शोध) आणि चाचणी चर (तपासणीसाठी खणलेले लहान खंदक) यांचा खर्च प्राथमिक अंदाजपत्रकातच धरावा लागतो.

तरीही खोदकामात काही निघेलच. त्यासाठी काम थांबवण्याचा अधिकार जागेवर हजर असलेल्या पुरातत्त्वज्ञाला लेखी द्या, थांबलेल्या दिवसांचा मोबदला कंत्राटदाराला मिळेल अशी तरतूद निविदेत करा, आणि किती दिवस थांबता येईल तो आकडाही तिथेच लिहा.