सार्वजनिक आरोग्य अधिक पर्यावरण: एका दंतवैद्याचे चौदा महिने

आधी व्यवहाराचं सांगते. दोन वर्षांचा एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, त्यात पर्यावरण आणि शाश्वतता हा जोडविषय. प्रवेश जुलै 2024 चा, म्हणजे चौदा महिने झाले. दोन सत्रं संपली, तिसरं चालू आहे. विद्यापीठ पुण्यातलं. नाव लिहीत नाही, कारण प्रबंधावर अजून त्यांची सही व्हायची आहे. दोन वर्षांची फी मिळून एका बऱ्यापैकी डेंटल चेअरएवढी पडते. ही तुलना डोक्यातून जात नाही, कारण मी दंतवैद्य आहे आणि त्या पैशांत खरंच चेअर घ्यायची होती.

चार वर्षं यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दवाखाना चालवला. आठवड्याला एखादं तरी पोर असं यायचं, की समोरच्या दातांवर खडूने ओढल्यासारखे पांढरे पट्टे. जरा मोठं असेल तर तपकिरी डाग. आई म्हणायची, "घासून घासून थकलो ओ मॅडम, हे डाग जातच नाई." जाणार कसे? डाग वरून लागलेलाच नसतो. दात हिरडीखाली घडत असतो तेव्हाच पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड एनॅमलची, म्हणजे दाताच्या वरच्या कवचाची, घडण बिघडवतं, आणि दात बाहेर येतो तो तसाच येतो. मी वरून कंपोझिटचा थर चढवून द्यायचे. लग्न ठरलेली मुलगी असेल तर जरा जास्त काळजीने. मग केसपेपरवरची गावं बघायला लागले, तर तीच दोन-तीन गावं पुन्हा पुन्हा. बोअर तेच, दात तसेच, आणि मी एकेकाला रंगरंगोटी करत बसलेली. तेव्हा हा कोर्स शोधला.

माहितीपत्रकात वन हेल्थ (माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार), हवामान बदल, ग्रीन हॉस्पिटल, जीआयएस (संगणकावरचे माहितीचे नकाशे) असं सगळं होतं. वाचताना वाटलं, हे सगळं एकाच वर्गात, एकाच फळ्यावर असणार. तसं नाही. आरोग्याचा विभाग एका इमारतीत आणि पर्यावरणाचा दुसऱ्या, मधे सायकल स्टँड आणि चहाची टपरी. दोन्हीकडचे प्राध्यापक टपरीवर भेटतात, अभ्यासक्रमात भेटत नाहीत. याचा फटका मला पहिल्याच परीक्षेत बसला. पीएम 2.5 ची, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांची, वार्षिक मर्यादा किती, असा प्रश्न होता. मी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम लिहिलं, जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची. पेपर पर्यावरण कायद्याचा होता, तिथे उत्तर 40 हवं होतं, आपल्या 2009 च्या मानकाचं. गुण गेले, ठीक. पण एकाच हवेला एकीकडे 5 आणि दुसरीकडे 40 का, मधल्या पस्तीस मायक्रोग्रॅममध्ये कोणाची फुप्फुसं आहेत, यावर एक तास कोणीतरी घ्यायला हवा होता. घेतला नाही. ते आम्ही टपरीवरच बोललो.

लंडनची 1854 ची कॉलऱ्याची साथ आणि ती एका पंपाच्या पाण्यातून पसरतेय हे दाखवणाऱ्या डॉक्टर जॉन स्नोचा ब्रॉड स्ट्रीटचा पंप ही गोष्ट तीन वेगवेगळ्या विषयांत तीन वेगवेगळ्या सरांनी सांगितली. तिसऱ्यांदा वर्गात हसू फुटलं. गोष्ट चांगलीच आहे, तक्रार ती नाही. पण ज्या पुण्यात आम्ही बसलोय तिथे प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 ला गेल्या. उंदीर, पिसवा, धान्याची कोठारं, दाटीची वस्ती, म्हणजे आरोग्य आणि पर्यावरण एकत्र शिकवायला याहून जवळचं उदाहरण कुठलं? चौदा महिन्यांत एकदाही आलं नाही.

एपिडेमिऑलॉजी (रोग कोणाला, कुठे, का होतात त्याचं शास्त्र) आणि बायोस्टॅट (आरोग्याचं संख्याशास्त्र) मात्र कसून शिकवतात. ज्यांचं गणित बारावीनंतर सुटलंय (बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, आम्ही वर्गात निम्म्याहून जास्त) त्यांनी पहिले दोन महिने रडायची तयारी ठेवावी. आकडेमोडीचं 'आर' सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याचा त्रासही मुबलक आहे. एका विसरलेल्या कंसापायी माझी एक अख्खी रात्र गेली. पण आता एखादा पेपर 'अमुकमुळे तमुक होतं' म्हणाला की मी आपोआप विचारते, तुलना कोणाशी केली? एवढ्यासाठी फीचा एक हप्ता मी माफ केलाय.

या कोर्सचा सगळ्यात चांगला आठवडा अभ्यासक्रमात नव्हताच. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गिलियन-बारे या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढायला लागले. हॉस्टेलवर सगळ्यांनी किटल्या बाहेर काढल्या. एरवी पाणी उकळून प्या म्हणून पोस्टर बनवणारे आम्ही, त्या आठवड्यात पहिल्यांदा खरंच उकळून प्यायलो. साथरोगाच्या मॅडमनी ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि रोजच्या बातम्यांतून आमच्याकडून तक्ता भरून घेतला: लक्षणं कधी सुरू झाली, कुठला भाग, वय काय. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडल्याचं कळलं, तेव्हा पर्यावरणाकडचे एक इंजिनिअर सर स्वतःहून आमच्या वर्गात आले. फळ्यावर त्यांनी एक पाइप काढला, शेजारून एक गटार. म्हणाले, चोवीस तास पाणी असलं तर पाइपात दाब असतो, चीर पडली तर पाणी बाहेर जातं. आपल्याकडे दिवसातून दोन तास पाणी. उरलेले बावीस तास पाइप रिकामा, दाब उतरलेला. मग त्याच चिरेतून बाहेरचं आत येतं. एवढं साधं चित्र. पोटात जंतू गेल्यावर नसांवर हल्ला कसा होतो ते मला बीडीएसमध्येच शिकवलं होतं. तो जंतू नळात कसा शिरतो ते त्या फळ्यावर कळलं. दोन्ही विभाग एका वर्गात बसले ते एवढंच. पुढच्या सोमवारी पुन्हा सायकल स्टँडच्या दोन बाजू.

उष्णतेचा भागही बरा झाला. अहमदाबादेत मे 2010 च्या लाटेत नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले, आणि त्यातून 2013 मध्ये तिथला हीट अ‍ॅक्शन प्लॅन, म्हणजे उष्णतेच्या लाटेसाठीचा कृती आराखडा, उभा राहिला, हे प्रकरण नीट उलगडून शिकवलं. मृत्यूच्या दाखल्यावर 'ऊन' असं कारण क्वचितच येतं, म्हणून एकेक दाखला न बघता त्या महिन्याचे एकूण मृत्यू इतर वर्षांशी ताडून बघायचे, हे पटलं. विदर्भातल्या माणसाला बाकीचं शिकवायला लागत नाही. आम्ही दुपट्टा बांधूनच जन्माला येतो.

आता फील्डवर्क. दुसऱ्या सत्रात तीन आठवडे भोर तालुक्यातल्या एका गावी होतो. काम साधं: ग्रामपंचायतीच्या पाण्याची ओटी टेस्ट. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. सहा घरांचे नळ तपासले. सहाही नळ्यांत पाणी होतं तसं पांढरं. जलसुरक्षक काकांना विचारलं तर त्यांनी पंपाची खोली उघडून दाखवली. टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचं, पोतं कोपऱ्यात, तोंड उघडं, खाली ओल. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, पण उघड्या पोत्यातून ते दिवसेंदिवस उडून जातं. ते काका हजार लिटरला पाच ग्रॅमचा हिशेब बरोबर सांगत होते, मोजून टाकतही होते. टाकत होते तो जवळजवळ चुनाच. वर म्हणाले, "आणि नवीन पोतं फोडलं मॅडम, की बाया भांडायला येत्यात. चहा नासतोय म्हणत्यात." मी अहवालात 'समुदायाची स्वीकारार्हता' असा शब्द लिहिला. मार्गदर्शक मॅडमनी तो खोडून वर पेनाने लिहिलं: 'चहा'. त्या बाईंसाठी कोर्सला अर्धा तारा जास्त.

पावसाळ्याआधी आणि नंतर आरोग्य खात्याचं स्वच्छता सर्वेक्षण होतं, त्यावर ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. ते कार्ड मी लहानपणापासून पंचायतीच्या भिंतीवर बघत आले होते. त्याच्यामागे झाकण नसलेली टाकी, गळका व्हॉल्व्ह आणि असं एक पोतं असतं, हे कळायला एमपीएच करावं लागलं.

ग्रीन हॉस्पिटल, म्हणजे दवाखान्यांमुळे होणारं प्रदूषण कमी कसं करायचं, या विषयाने मला जरा खजील केलं. जगाच्या एकूण हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा 4.4 टक्के आहे असा 2019 चा अंदाज पहिल्याच तासाला पडद्यावर आला. तो मी वहीत उतरवला आणि विसरले. विसरले नाही ते पाऱ्याचं. आमचे पेशंट ज्याला 'दातात चांदी भरणं' म्हणतात त्या मिश्रणात निम्मा पारा असतो. भरून उरलेला चुरा मी किती वर्षं बेसिनमध्ये धुवून टाकला असेल! जुनी चांदी भरलेला दात काढला की तो पिवळ्या पिशवीत जायचा, पिवळी पिशवी भट्टीत जाते, आणि भट्टीत पाऱ्याची वाफ होते. 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेले होते. रंग पाठ होते: पिवळा, लाल, पांढरा, निळा. त्या वाफेचं काय होतं ते कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी दवाखाना सांभाळणाऱ्या मैत्रिणीला फोन करून सांगितलं, चुरा झाकणाच्या डबीत वेगळा ठेव. तिने विचारलं, "मग ती डबी द्यायची कोणाला?" कचऱ्याच्या गाडीवाल्यालाही ते माहीत नाही. डबी अजून फडताळात आहे.

माझा प्रबंध अर्थातच फ्लोराइडवर. चार गावं, चार शाळा. मुलांचे दात डीनच्या निर्देशांकाने, म्हणजे डाग किती गडद ते ठरवायच्या मोजपट्टीने, तपासायचे (हे मला झोपेतही जमतं) आणि त्यांच्या पाण्याचे नमुने घ्यायचे. नमुना काचेच्या बाटलीत घ्यायचा नाही, फ्लोराइड काचेशी खेळतं, प्लास्टिकचीच बाटली लागते. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. एका गावात हातपंपाला कधीकाळी मारलेला लाल रंग पार उडालेला आणि खाली बायकांची रांग. रंग का मारला होता ते रांगेतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींनाच ठाऊक होतं. "त्या पाण्यानं गुडघे धरते म्हणत," त्या म्हणाल्या आणि हंडा उचलला. दुसरा पंप वर शाळेपाशी, चढावर.

दोन विषय एकत्र शिकल्याचा उपयोग इथे झाला. नुसती दंतवैद्य असते तर दात मोजून थांबले असते. गावकऱ्यांशी बोलताना वेगळंच निघालं. पूर्वी विहिरीचं पाणी पीत होते, विहिरी आटल्या, मग बोअर, मग आणखी खोल बोअर. खोल खडकाच्या सहवासात जास्त काळ राहिलेल्या पाण्यात फ्लोराइड जास्त असायची शक्यता मोठी. म्हणजे पोराच्या दातावरचा डाग भूजलाच्या उपशाशी जोडलेला निघतो. उपाय म्हणून गावात आरओ प्लांट आलाय, पाच रुपयांत वीस लिटर. फ्लोराइड निघतं हे खरं, पण गाळून जितकं मिळतं त्याहून जास्त पाणी मागच्या नळीने ओढ्यात जातं, आणि त्यात फ्लोराइड आणखी दाटलेलं. आरोग्याच्या विभागात हा उपाय यशस्वी, पर्यावरणाच्या विभागात हाच उपाय समस्या. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढलेली, तुरटी-चुन्याने फ्लोराइड काढायची नालगोंडा पद्धत स्वस्त आहे, पण मात्रा रोज नीट सांभाळणारं माणूस लागतं, आणि मग मला भोरचं ते पोतं आठवतं. छपरावरचं पावसाचं पाणी पिण्यापुरतं साठवणं मला सगळ्यात बरं वाटतं. माझ्या एका परीक्षकांना ते 'भाबडं' वाटतं. तोंडी परीक्षेत बघू.

नोकरीचं सगळेच विचारतात. जिल्ह्यात राष्ट्रीय आरोग्य अभियानाची पदं असतात, बहुतेक अकरा महिन्यांच्या करारावर. हवामान बदल आणि मानवी आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2019 पासून आहे, पण जिल्ह्यात त्याची जबाबदारी बहुधा आधीच्याच एखाद्या अधिकाऱ्याच्या गळ्यात अतिरिक्त म्हणून असते. बरा पगार हवा तर कंपन्यांचे शाश्वतता अहवाल लिहून देणाऱ्या सल्लागार संस्था आहेत. आमच्या वरच्या बॅचमधले दोघे तिथे गेले, दिवसभर एक्सेल भरतात. पीएचडी हा तिसरा रस्ता. दवाखाना चालू ठेवून हे करायचं म्हणत असाल तर करू नका. उपस्थिती 75 टक्के लागते आणि फील्डवर्क शनिवार-रविवार बघत नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. भोरच्या मार्गदर्शक मॅडमचा अर्धा त्यात धरलाय. कापलेला दीड तारा बराचसा प्रयोगशाळेचा. फ्लोराइड मोजायचा इलेक्ट्रोड एकच, आणि तो पाच आठवडे बंद होता. माझे नमुने फ्रिजमध्ये कोणाच्या तरी ताकाच्या बाटलीशेजारी पडून होते. प्रवेश घेण्याआधी तुमच्या मनातल्या विद्यापीठात एक चक्कर मारा, ग्रंथालय आणि कॅन्टीन नंतर बघा, आधी लॅबमध्ये जा आणि विचारा, मीटर चालू आहे का, शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं. नोंदवही दाखवा म्हणा. आमच्याकडे विचारलं असतं तर नोंदवही कुठे आहे तेच शोधावं लागलं असतं.