घराच्या दुरुस्तीनंतरचा प्रोजेक्शन टीव्ही आणि ते ऑटो कन्व्हर्जन्सचं बटण

ज्यांच्याकडे हा तीन ट्यूबवाला प्रोजेक्शन टीव्ही (आतल्या लाल, हिरव्या, निळ्या ट्यूबांची चित्रं आरशावरून पडद्यावर टाकणारा) आहे त्यांना तो पाठ आहे, आणि ज्यांच्याकडे नाही ते आता घेणार नाहीत. त्यामुळे इंच, वजन, जोडण्या सगळं सोडून देतो. मला बोलायचंय ते रिमोटवरच्या एका बटणाबद्दल: ऑटो कन्व्हर्जन्स, म्हणजे तिन्ही रंगांची चित्रं आपोआप एकमेकांवर जुळवणारं.

वरच्या मजल्याच्या बाथरूमची गळती आमच्या हॉलच्या भिंतीत उतरली होती. पावसाळ्याआधी प्लास्टर फोडलं, वॉटरप्रूफिंग झालं, मग लादी, मग रंग. मुलुंडच्या ब्लॉकमध्ये हे धूड हलवायला दुसरी खोली कुठली? प्लास्टिक गुंडाळून हॉलमध्येच ठेवलं. काम संपल्यावर ओल्या भिंतीची धास्ती म्हणून काटकोनातल्या भिंतीला लावलं. सुरू केलं तर प्रत्येक माणसाच्या एका अंगाला लाल किनार, दुसऱ्या अंगाला निळी. क्रिकेटचा स्कोअर वाचवेना.

बटण दाबलं. पडद्यावर नक्षी धावली आणि एरर. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा मुलगा आला. मागचं झाकणही न उघडता म्हणाला, “काका, बोर्ड गेला. बोर्ड आता येत नाही. एक्स्चेंजमध्ये द्या, नवीन एलईडी घ्या.” वर व्हिजिट चार्जचे साडेसातशे. उघडून तरी बघ म्हटलं, तर ते ‘व्हिजिटमध्ये बसत नाही’. मग बसतं काय, घाम पुसणं?

सुटे भाग मिळत नाहीत हे मान्य आहे. २०१२ च्या डिसेंबरमध्ये मित्सुबिशीनंही रिअर प्रोजेक्शन बंद केलं, त्यानंतर हा प्रकार बनवणारं मोठं कुणी उरलं नाही. पण पार्ट मिळत नाही म्हणजे पार्ट गेला असं होत नाही.

लॅमिंग्टन रोडवर (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) पूर्वी काम केलेल्या एका मेकॅनिककाकांना बोलावलं. त्यांनी आधी विचारलं, “टीव्हीची दिशा बदलली का?” या ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानंही किंचित सरकतो. भिंत बदलली की लाल, हिरवं, निळं ही तीन चित्रं एकमेकांवर नीट बसत नाहीत. हे दुरुस्त करायलाच तर ते बटण आहे! पण ते चालतं पडद्याच्या कडेला लपवलेल्या प्रकाश-सेन्सरवर, आणि तिथे आमच्या लादी कापणाऱ्याच्या ग्राइंडरची पांढरी पूड बसली होती. आरशावर आणि लेन्सवरही. आरशाचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो, त्यामुळे काच पुसायचं लिक्विड आणि फडकं दोन्ही वर्ज्य. काकांनी कॅमेऱ्याचा ब्लोअर आणि मऊ ब्रश वापरला. सेट अर्धा तास तापवला, मग हिरव्याला हात न लावता लाल आणि निळं त्यावर आणून बसवलं. नंतर बटण दाबलं, तर मुकाट चाललं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि चार तारे द्यायचं ठरवलं होतं. मग पावसाळा आला.

एका संध्याकाळी निळ्या रेघा धनुष्यासारख्या वाकल्या. बटणानं अर्थातच हात वर केले. म्हणजे तो मुलगा खरा ठरला का? नाही, अर्धासुद्धा नाही. गेले ते बोर्डावरचे एसटीके आयसी, म्हणजे रंग जुळवायला झोत वळवणाऱ्या चिप. हे तापतात आणि या टीव्हीत जातातच. बाजारात नकली आयसी खूप, म्हणून काकांनी ओळखीच्या दुकानातूनच आणले. हीटसिंकला नवी पेस्ट लावली, आजूबाजूचे रेझिस्टर मोजून उडालेले बदलले. नुसते आयसी बदलून रेझिस्टर तसेच ठेवले तर नवे आयसीही जाऊ शकतात. सगळं मिळून अडीच हजार. एक्स्चेंजमध्ये या टीव्हीचे मिळणार होते पाचशे.

आता चित्र मस्त आहे. जुने सिनेमे रात्री दिवे घालवून बघावेत तर याच्यावरच. पण बटणावरचा राग गेलेला नाही. थंड सेटवर दाबलं की एरर, दुपारी गॅलरीतून ऊन पडद्यावर आलं की एरर. एररखाली ‘सेट तापू द्या’ किंवा ‘ऊन आहे’ एवढं लिहायला काय झालं होतं? मॅन्युअलमध्ये ही गोष्ट एका ओळीत, तीही मागच्या पानांत. एक तारा फक्त याचा कापतो. तीन तारे. चौथा व्हिजिट चार्ज परत मिळाला की देईन; तक्रार केली आहे, ‘प्रक्रियेत’ आहे.

कुणी जुना फुकट देत असेल तर घेण्याआधी दोन गोष्टी बघा. जाणकाराकडून झाकण उघडवून लेन्समध्ये टॉर्च मारून बघा. ट्यूबसमोरचं कूलंट (ट्यूब थंड ठेवणारं द्रव) गढूळ किंवा बुरशी आल्यासारखं दिसलं तर सोडून द्या. आणि झाकण स्वतः उघडून आत हात घालू नका, ट्यूबवर तीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो. लिफ्टमध्ये मावतो का तेही मोजून घ्या. आमच्या लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून आमची ही म्हणते की तो अजून घरात आहे.