ठासणीची रायफल: ०.३२ की ०.३६?

अमेरिकेतील ॲपलाचियन डोंगराळ भागात खारीच्या शिकारीला बारीक नळीची ठासणीची रायफल नेण्याची जुनी रीत आहे, आणि आजही निवडीचा प्रश्न बहुधा ०.३२ आणि ०.३६ इंची नळ्यांपाशी येऊन थांबतो. कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीशी तिची गल्लत करू नये. हिच्या नळीला आतून आटे असतात आणि छऱ्यांऐवजी तेलकट चिंधीत बसवलेली शिशाची एकच गोळी ठासली जाते.

०.३२ची गोळी सुमारे ४५ ग्रेन, म्हणजे जेमतेम ३ ग्रॅम भरते. पौंडभर शिशात अशा दीडशेच्या आसपास गोळ्या होतात आणि खारीसाठी २० ग्रेन काळी दारू पुरते. नेम डोक्यावर बसला तर मांस नासत नाही. मात्र थोड्याच बारांनंतर काजळीमुळे गोळी आत सरकेनाशी होते, आणि गोळी ठासायचा पेन्सिलीइतका बारीक लाकडी गज घाईने तिरपा रेटला की मोडून त्याचे टोक तळहातात घुसू शकते. म्हणून तो नळीच्या तोंडापासून वीतभरच वर धरून थोडाथोडा दाबावा.

०.३६ची गोळी सुमारे ६५ ग्रेनची असते. ती वाऱ्याने कमी ढळते, जवळच्या अंतरावर कोल्ह्यालाही पुरते, आणि दारू कमी घातली तर खारीसाठीही चालते. एकच रायफल घ्यायची तर मी हीच घेईन. कायोटी या लांडग्यासारख्या अमेरिकी प्राण्यासाठी मात्र दोन्ही तोकड्याच; तिथे ०.४० किंवा ०.४५ बरी.