जांभ्याच्या घरातलं वायफाय: आठ महिन्यांनंतर

आमचं घर रत्नागिरीजवळ, जुनं. भिंती जांभ्याच्या, दीड फूट जाड. उन्हाळ्यात दुपारी आत गार वाटतं ते त्यांच्यामुळे, आणि ओटीवरचं वायफाय माजघरातच दम तोडायचं तेही त्यांच्यामुळेच. प्लॅन १०० एमबीपीएसचा. ओटीवर ९०च्या पुढे, स्वयंपाकघरात १५, आणि मी काम करते त्या माडीवर दोन-तीन. मीटिंग असली की लॅपटॉप उचलून ओटीवर यायचं, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येकजण "काय गं, मुंबईला परत कधी?" विचारून जायचा.

आधी मीही सगळे करतात तेच केलं. प्लगात खोचायचा रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे देणारा डबा, आणला, जिन्याखाली लावला. फोनवर पट्ट्या भरल्या आणि व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत राहिला. त्या पट्ट्या फोन आणि रिपीटर यांच्यातल्या असतात; रिपीटरला स्वतःला मागून किती मिळतंय, हे त्या सांगत नाहीत. शिवाय स्वस्तातला रिपीटर ज्या रेडिओवर घेतो त्याच रेडिओवर पुढे देतो, म्हणजे वेग तिथेच निम्मा. माडीवर दहा-बारा मिळाले, तेही मनात आलं तर. वायफाय २.४ गिगाहर्ट्झऐवजी ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर टाकून पाहिलं. वेग त्यात जास्त, पण भिंतीपुढे ते २.४पेक्षा लवकर हात टेकतं.

मग वायर टाकली. खरं सांगायचं ते एवढंच, म्हणून डब्यांच्या, म्हणजे राउटरच्या, कंपन्यांची नावं देत नाही. माळ्यावर जुना राउटर पडून होता. कॅट-६ वायर, म्हणजे नेटवर्कची केबल, ओटीवरच्या डब्यातून वर काढून वाशांवरून माडीपर्यंत नेली, साधारण २२ मीटर. (अशी वायर १०० मीटरपर्यंत चालते, घरात लांबीची काळजी नको.) घेताना तांब्याचीच मागा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती नको. जुन्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकलं, म्हणजे तो नुसतं वायफाय देतो, बाकी कारभार खालच्याकडे. हे विसरलात तर दोन्ही डबे आपापले आयपी पत्ते वाटत बसतात आणि घरातला प्रिंटर फोनला दिसत नाही. आमचा नाही दिसला. अर्धा दिवस गेला. २.४चं चॅनल खाली १, वर ११ ठेवलं, म्हणजे दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत.

माडीवर आता ९०च्या आसपास. आई म्हणाली, "बरं झालं, तुझ्या साहेबाची बोलणी आता वाडीभर ऐकू जात नाहीत."

तक्रारी आहेतच. तिसऱ्या महिन्यात नेट अचानक गेलं. डब्यांवर संशय घेतला, दोन्ही रीसेट केले, शेवटी शिडी लावली तर वाशावर उंदराने वायर कुरतडलेली. आता ती पीव्हीसी पाइपातून जाते. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. दुसरं, फोन हट्टी असतो: माडीवर गेलं तरी ओटीच्या मेलेल्या सिग्नलला चिकटून राहतो. खालच्या राउटरची ट्रान्समिट पॉवर, म्हणजे सिग्नल फेकायचा जोर, मध्यम केल्यावर बराच सुधारला. दोन डबे म्हणजे लाइट गेल्यावर दोघांनाही मिनी यूपीएस (छोटी बॅटरी) लागतो, एकाला लावून उपयोग नाही. तेही पहिल्या वादळातच कळलं. आणि मृगाआधी गडगडायला लागलं की मी वायर दोन्ही टोकांना काढून ठेवते. घरात नेट आणणारं फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही, पण ही २२ मीटर तांब्याची आहे.

प्लॅन ३००चा करून पाहिला होता. ओटीवर वाढला, माडीवर आकडा ९४च्या वर सरकेना. जुन्या राउटरचं पोर्टच, म्हणजे वायर खोचायची जागा, १००चं निघालं. महिनाभराने परत १००वर आले. मीटिंगला तेवढं पुरतं.